त्रास न देणारे साहेब

एक जून ही जन्मतारीख असलेली एक अख्खी पिढी सध्या निवृत्त होते आहे. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा, मग गुरुजी पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख एक जून टाकून द्यायचे. त्यामुळे ३१ मे आला की पंचायत समितीतल्या खुर्च्या भराभर रिकाम्या होतात आणि लग्नतिथी संपत आलेली मंगल कार्यालयं सेवापूर्ती समारंभांनी भरतात. यंदा आमच्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचा समारंभ होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत कूलरचा आवाज असा की माइक असूनही वक्त्यांना ओरडावं लागत होतं. माजी सभापती बोलले, पतसंस्थेचे चेअरमन बोलले, एरवी एका चहाच्या टपरीवरही एकत्र न थांबणारे दोन संघटनांचे अध्यक्ष पाठोपाठ बोलले. सगळ्यांच्या भाषणात एक वाक्य मात्र सारखंच आलं. "साहेबांचा कधी कुणाला त्रास झाला नाही." दर वेळी टाळ्या पडल्या. तिसऱ्या की चौथ्या वेळी साहेबांनी रुमालानं डोळे पुसले, शेजारी बसलेल्या त्यांच्या मंडळींनी पदर सावरला, आणि फेटा घातलेला तो साधा, मऊ बोलणारा माणूस खरोखर समाधानी दिसला.

नंतर पंगतीत मसालेभात वाढून घेताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं दोनशेच्या वर शाळा ज्यांच्या हाताखाली होत्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं आमच्याकडे एवढंच असावं?

यात त्यांना नावं ठेवायची नाहीत. "त्रास झाला नाही" हे शिक्षकाच्या तोंडून किती मोठं प्रशस्तिपत्र आहे, ते पंचायत समितीच्या व्हरांड्यात कधी ताटकळलेल्या माणसालाच कळेल. वैद्यकीय बिल, वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव, सेवापुस्तकातली राहून गेलेली एक नोंद, मुलीच्या लग्नासाठी काढायचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे. प्रत्येक कागद कुठल्या टेबलावर झोपतो आणि त्याला जाग कशानं येते, हे नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच ज्येष्ठ मंडळी नव्या पोरांना शिकवतात. नवऱ्याच्या बायपासचं बिल घेऊन वर्षभर खेटे घालणारी सहकारी मी पाहिली आहे. त्या मानानं हे साहेब म्हणजे देवमाणूस. कागद आला की सही व्हायची. कुणाला खुलाशाची नोटीस नाही, कुणाचा पगार अडवला नाही. आमच्या शाळेत मात्र ते आले ते फक्त मतदान केंद्र बघायला. रॅम्प आहे का, वर्गात लाइटचं बटण चालू आहे का, बूथ दरवाजापासून किती लांब पडेल, एवढं पाहिलं, चहा घेतला आणि निघाले. वर्ग भरलेला होता. मुलं "एक साथ नमस्ते" म्हणून उभी राहिली, तेव्हा साहेबांनी हसून हात केला. त्यांना घाई होती, पुढे आणखी नऊ बूथ होते.

माझे वडील माणदेशात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास शाळेची कौलं उतरवून स्लॅब टाकायचं काम निघालं आणि त्या पावसाळ्यात शाळेचं दप्तर आमच्या ओसरीवर येऊन पडलं. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत करायला काही नव्हतं, म्हणून ती जुनी रजिस्टरं चाळायची. जनरल रजिस्टरात आजोबा-नातू दोघांची नावं सापडायची. पण जास्त गंमत होती ती शेरेबुकात. लाल कापडी पाठ, आत निळ्या-काळ्या शाईतलं अक्षर, पानांना कसरीनं पाडलेली भोकं. माझी आजी तपासणीला येणाऱ्या साहेबांना अखेरपर्यंत 'दिपोटी'च म्हणायची, म्हणजे डेप्युटी. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, पोरांच्या टोप्या धुतल्या जायच्या आणि गुरुजींच्या घरी कोंबडी पडायची. त्या दिपोटींचे शेरे वाचताना वाटायचं, एकाच माणसानं तीस वर्षं हात बदलून लिहिलं आहे. वर्ग स्वच्छ. पट इतका, हजर इतके. कविता चालीवर म्हणतात. पाढे कच्चे. ग्रामस्थांनी सहकार्य करावे. खाली झोकदार सही.

मधेच १९७३ सालची दोन पानं वेगळी होती. बहात्तरच्या दुष्काळाचा तो पुढचा उन्हाळा, अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं, शाळेत सुकडी वाटली जायची तो काळ. त्या पानावर कुणा विस्तार अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं की तिसरी-चौथीच्या पाच मुली दुपार टळल्यावर शाळेत येतात, कारण सकाळी विहिरीवर नंबर लावावा लागतो. गुरुजी पहिल्या तासाला गणित घेतात, त्यामुळे या मुलींचं गणित रोजच बुडतं. तरी गणित दुपारी घ्यावं. पाचही मुलींची नावं लिहिली होती. तीनेक महिन्यांनी, पाऊस पडून गेल्यावर, त्याच हस्ताक्षरात पुढचा शेरा होता आणि त्यात पुन्हा त्याच पाच मुली. चौघींना हातच्याची वजाबाकी जमते, पाचव्या मुलीचं नाव लिहून पुढे 'ही शाळेत येत नाही, चौकशी केली, मामाकडे गेली आहे, त्या गावच्या शाळेस कळवतो' असं होतं.

वडिलांना विचारलं तर त्यांना तो माणूस लख्ख आठवत होता. "यष्टीनं यायचा आणि मुक्कामाला राहायचा. कोंबडी खात नव्हता, इथंच आम्हाला पहिल्यांदा संशय आला." रात्री शाळेतच सतरंजीवर झोपायचा, कंदिलाच्या उजेडात पोरांच्या वह्या चाळायचा. गुरुजी मंडळींना तो आवडायचा का? वडील जरा थांबून म्हणाले, "आवडायचा असं नाही. पण तो येऊन गेला की चार दिवस आपण मास्तर असल्यासारखं वाटायचं."

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केलं, त्यातला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा हा भाग आपल्याला पाठ असतो, भाषणात उपयोगी पडतो. त्याच निवेदनात शाळांच्या देखरेखीवरही चार वाक्यं आहेत. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येऊन जातो त्यानं काही साधत नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधे-मधे आगाऊ वर्दी न देताही शाळांना भेट द्यावी, असं त्यांनी सुचवलं. जिल्ह्याच्या आणि गावच्या अधिकाऱ्यांवर विसंबू नका, त्यांच्यामागे कामं इतकी की त्यांना वेळच होत नाही, आणि आले तरी वरवर बघून जातात, हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. हे वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं. आमच्याकडे वर्दी न देता येणं आता अशक्य आहे. साहेबांची गाडी फाट्यावरून आत वळली की केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी फक्त एक छत्रीचं चित्र टाकतं. बाकीच्या शाळा समजून जातात. पुढच्या दहा मिनिटांत पाठाच्या टाचणवह्या टेबलावर येतात, मोबाइल कपाटात जातात.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा ही तपासणीची साखळी गावाच्या जवळ येईल असं वाटलं असणार. पुढे १९९४ मध्ये केंद्रप्रमुख हे पद आलं. दहाएक शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, ज्यानं हाताखालच्या नव्या-जुन्या शिक्षकांना शिकवण्यात मदत करायची, महिन्याला शिक्षण परिषद घ्यायची, नमुना पाठ द्यायचा. कल्पना फारच चांगली होती, मी आजही तिच्या बाजूची आहे. पण या साखळीतल्या प्रत्येक कडीला हळूहळू एकच काम उरलं, ते म्हणजे माहिती गोळा करणं. मंत्रालयातून आयुक्तालयाला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला आणि केंद्राहून माझ्या फोनवर. "आज दुपारी २ पर्यंत माहिती सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील." मेसेज दीड वाजता आलेला असतो. मी चौथीला भागाकार शिकवत असते, दुसऱ्या बाई दुसरी-तिसरी एकत्र घेऊन बसलेल्या, आणि निरंक, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, एवढं कळवायला म्हणून भागाकार अर्ध्यावर थांबतो. बाकी तशीच राहते.

वरून आलेलं पाणी जसंच्या तसं खाली सोडणारी पन्हळ आणि आमचे बहुतेक साहेब यांत मला फरक दिसत नाही. पण हेही खरं की त्या खुर्चीत बसून पन्हळ न होणं सोपं नाही. एकाच माणसाकडे दोन तालुक्यांचा पदभार, विस्तार अधिकाऱ्यांची निम्मी पदं रिकामी, सकाळी व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, दुपारी कोर्टाची तारीख, संध्याकाळी खिचडीत अळी सापडल्याची तक्रार, शिवाय माहिती अधिकाराचे अर्ज. "साहेब व्हीसीत आहेत" हे वाक्य आमच्याकडे "साहेब देवळात आहेत" अशा स्वरात म्हटलं जातं. मग त्यांनी शाळेत कधी यायचं?

तरी एकानं करून दाखवलं होतं. काही वर्षांपूर्वी एमपीएससीतून थेट आलेला एक तरुण गटशिक्षणाधिकारी आमच्या तालुक्याला लाभला. माझ्या भाच्याच्या वयाचा, शर्ट बाहेर सोडलेला. पहिल्या सभेत त्यानं भाषण केलं नाही. कार्यालयातल्या दोन लिपिकांना समोर बसवलं आणि आम्हा सगळ्यांदेखत सांगितलं, "शाळेला विचारायच्या आधी कपाटाला विचारायचं." म्हणजे असं, की गेल्या महिन्यात शाळांनी दिलेली पटसंख्या, शौचालयांची संख्या, किचन शेडची अवस्था हे सगळं कार्यालयात आहेच, वरून तेच पुन्हा मागितलं तर तिथूनच भरायचं. खरोखर नवीन असेल तेवढंच शाळेला विचारायचं, तेही साडेचारनंतर. सुरुवातीला आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. एकदोघांनी तर फोन करून विचारलं, साहेब, ग्रुप बंद पडलाय का? मग काही आठवड्यांनी लक्षात आलं की आपले तास पुरे होतायत. त्या वर्षी माझ्या चौथीचा भागाकार दिवाळीआधी संपला. हा माणूस शाळांमध्ये फार फिरला असंही नाही, बोलायलाही थोडा तुसडा. पण मला विचाराल तर गावाकडच्या शिक्षण अधिकाऱ्याचं पहिलं काम तेच, जे त्यानं केलं. वरून येणारं काही तरी आपल्या टेबलावर अडवणं. त्यासाठी वरच्यांची बोलणी खावी लागतात, ती त्यानं खाल्ली. दोन वर्षं व्हायच्या आत बदली झाली, आणि पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर सकाळी सात वाजता पहिली 'निरंक' मागितली गेली.

दुसऱ्या टोकाचेही एक साहेब मी अनुभवले. फुल्यांनी सांगितलेली अवचित भेट त्यांनी अक्षरशः अमलात आणली होती. छत्रीचं चित्र पोचायच्या आत मोटारसायकल दारात. मुलांची वाचनपातळी त्यांना शाळानिहाय पाठ असायची आणि त्यांच्या काळात तालुक्यातली मुलं खरंच जास्त वाचायला लागली, हे मी नाकारणार नाही. पण फळ्यावर शिक्षकाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की ते मुलांसमोर खडू हातात घेऊन गोल करायचे. पन्नाशी उलटलेल्या एका गुरुजींना त्यांनी दुसरीच्या पोरांसमोर उभं राहून पाढा म्हणायला लावला. गुरुजींनी म्हटला. नंतर ते गुरुजी फळ्यावर लिहीतच नसत, मुलांना पुस्तकातून उतरवून काढायला सांगत. पुस्तकात शुद्धलेखन चुकत नाही ना. संघटनेनं शेवटी साहेबांची बदली करवली आणि त्यांच्या निरोप समारंभाला खुर्च्या भरल्या नाहीत. मी गेले होते. मला त्यांच्याबद्दल आजही एक मत ठरवता येत नाही. त्यांच्या वेळी शिकलेली मुलं आता हायस्कूलला आहेत, चांगली वाचतात. आणि ते गुरुजी परवा भेटले तेव्हा सही करतानाही हात थबकत होता.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटची गोष्ट महाराष्ट्रातल्या शिक्षकांना मी सांगायला नको. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांचा गट. प्रतिभा भराडे तेव्हा तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी. बीटमधल्या चाळीसच्या आसपास शाळांमध्ये त्यांनी शिक्षकांसोबत बसून ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून बघत शिकतं हा विचार, प्रत्यक्ष वर्गात आणला. काड्यांचे गठ्ठे, मणीमाळा, खडूनं-रंगानं आखलेल्या फरशा, आणि जमिनीवर मुलांच्या शेजारी बसलेले शिक्षक. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि कुमठ्याकडे बसच्या बस जायला लागल्या. आमचीही गेली. घाटात दोघींना उलट्या झाल्या, साताऱ्यात कंदी पेढे घेतले, आणि शाळेत शिरल्यावर सगळ्यांनी आधी मोबाइल काढून फरशीचे फोटो घेतले. पहिलीतली एक चिमुरडी आमच्याकडे ढुंकूनही न बघता शंभर मण्यांची माळ मोजत होती. चौसष्टावर तिचं चुकलं, ती स्वतःशीच "हॅट" म्हणाली आणि साठावर जाऊन पुन्हा सुरू झाली. तिथल्या बाई तीन हातांवर बसल्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्या तोंडात 'पासष्ट' आला होता, तो गिळला.

पुढे वर्षभरात राज्यभर फरशा रंगल्या. पेंटर बांधवांना बरकत आली, ऑइलपेंटची बिलं फाटली, लोकवर्गणीच्या पावत्या झाल्या. साहेब लोक विचारायचे, "फरशी झाली का?" निकषांची यादी आली, तिला गुण आले, आणि गावोगावच्या शाळा कागदावर 'प्रगत' झाल्या. रंगाला माझा आक्षेप नाही, मुलांना तो आवडतोच. पण कुमठ्यात महत्त्वाचं होतं ते दुसरंच. एक विस्तार अधिकारी वर्षानुवर्षं त्याच बीटमध्ये, त्याच शिक्षकांबरोबर जमिनीवर बसत होती. ते बसमध्ये घालून आणता येत नाही आणि त्याचं बिलही निघत नाही.

आमच्या बीटच्या विस्तार अधिकारी बाई त्या दिवशी बसमध्ये आमच्यासोबत होत्या. परतल्यावर त्यांनी रंगाचं नावही काढलं नाही. पुढच्या वेळी माझ्या शेजारच्या वस्तीवरच्या शाळेत गेल्या तेव्हा मी काही कामानं तिथेच होते. खुर्ची पुढे केली ती त्यांनी बाजूला सारली आणि मागच्या बसकरपट्टीवर, भिंतीला टेकून, एका मुलाशेजारी जाऊन बसल्या. साडीला धूळ लागली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नुसत्या मान इकडे-तिकडे करत राहिल्या. मग त्या मुलाला हळूच म्हणाल्या, "तुला दिसतं का रे?" तो म्हणाला, "नाय." फळा भिंतीतलाच, सिमेंटचा, ठेकेदारानं जिथे सोयीचं तिथे केलेला, समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्याच्यावर यायचं आणि मागच्या रांगेला नुसती चकाकी दिसायची. तो मुलगा 'अप्रगत' यादीत होता. बाई उठल्या, तांदळाचं रिकामं पोतं मागितलं, खिळा शोधायला पोरं पळाली, आणि चौथीतल्या एका लंब्या पोरानं स्टुलावर चढून ते खिडकीला ठोकलं. शेरेबुकात त्यांनी याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती शिक्षकाची चूक म्हणून तालुक्याला गेली असती. तो मुलगा नंतर एकदम हुशार झाला असं मात्र काही नाही. त्याला भागाकार कठीणच गेला. पण फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागला, आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावण्याबद्दल मार खायचा थांबला.

बीडकडे नोकरीला असलेली माझी डीएडची मैत्रीण म्हणते, तुमच्याकडे साहेबाची परीक्षा जूनमध्ये होते, आमच्याकडे दसऱ्याला. कोयते निघायच्या आधी. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्याकडे निघतात आणि वर्गातली निम्मी मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारावर बसून जातात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शिक्षण हमी कार्ड आहे, कागदावर काही कमी नाही. पण एखाद्या वर्षी साहेब असा मिळतो की जो सप्टेंबरातच गावोगाव आज्यांना गाठतो. आई-बापांना गाठून उपयोग नसतो, ते जाणारच. नातवाला कोण सांभाळणार हे आजीनं ठरवायचं असतं. वसतिगृहाची मंजुरी जानेवारीत आली तर मुलं केव्हाच कर्नाटकाच्या हद्दीत गेलेली असतात, म्हणून तो प्रस्ताव गणपतीतच पुढे रेटतो. जी मुलं जातातच त्यांची यादी कुठला कारखाना, कुठला मुकादम, अशी करून घेतो, आणि तिकडच्या केंद्रप्रमुखाला फोन लावतो. ती सांगते, अशा वर्षी माझा वर्ग डिसेंबरात वर्गासारखा दिसतो. पुढच्या वर्षी साहेब बदलले की यादी तीच असते, पण फोन कुणी करत नाही.

वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचं प्रकरण तर अलीकडचंच. २०२३ मध्ये अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर होत्या. त्याच वर्षी त्या एकत्र करून समूहशाळा करायचा विचार पुढे आला, तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं दिली गेली, आणि तालुक्यांना प्रस्ताव पाठवायला सांगितलं. त्यावर बाजूनं-विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सहा मुलांची शाळा बघितली आहे मी. तिथे खो-खोला एक बाजूही पुरी होत नाही, याचं दुःख मुलांना असतं. शाळा गेल्यावर मुली घरी बसतात, हेही बघितलं आहे. मला सांगायचंय ते प्रस्ताव भरणाऱ्या माणसाबद्दल. नकाशावर अंतर मोजलं तर आमच्या एका वस्तीपासून पुढची शाळा कायद्यातल्या एक किलोमीटरच्या आतच येते. आमच्या तेव्हाच्या प्रभारी साहेबांनी ते मोजलं आणि भरलं. केंद्रप्रमुख मात्र जुलैत एका पहिलीच्या मुलाला सोबत घेऊन त्या वाटेनं चालत गेले. मधे ओढा होता. पोराला खांद्यावर घ्यावं लागलं, आणि पलीकडे पोचेपर्यंत परिपाठ संपला होता. त्यांनी ओढ्याचा फोटो आणि पाण्यात भिजलेल्या पँटचा फोटो दोन्ही जोडून अहवाल दिला. साहेबांनी तो वर पाठवला की नाही मला माहीत नाही. शाळा आजही सुरू आहे.

असे सगळे आठवताना माझ्या एक लक्षात येतं, की यांतल्या कुणाच्याही निरोप समारंभात त्यांनी केलेली ही कामं कुणी सांगितली नाहीत. पोत्याबद्दल कुणी बोललं नाही. कपाटाला विचारायचं हे वाक्य सोडून गेलेल्या त्या तरुण साहेबाच्या सत्कारात "अल्प काळात सर्वांना सांभाळून घेतलं" एवढंच म्हटलं गेलं. आपण शिक्षक साहेबांकडून मागतोच इतकं थोडं. सही करा, चौकशी लावू नका, बदलीच्या वेळी सुगम-दुर्गमात, म्हणजे सोयीच्या आणि आडवळणी गावांत, अन्याय करू नका. मग साहेबही तेवढंच देतात आणि त्यावर टाळ्या मिळवतात. वर्गात या, मागे बसा, माझा पाठ बघून मला चार गोष्टी सांगा, असं मागणी-पत्र एकाही संघटनेनं दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी स्वतः तरी ते कुणाला म्हणेन का, याचा विचार करते तेव्हा जरा पोटात गोळाच येतो. मागे बसलेला साहेब चांगलाच असेल याची खात्री कोण देणार? पाढा म्हणायला लावणाराही मागेच येऊन बसायचा.

जुलैपासून नव्या बाई गटशिक्षणाधिकारी रुजू झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल अजून कुणालाच काही माहीत नाही, त्यामुळे तालुक्यात सध्या सगळ्यांचे परिपाठ वेळेवर सुरू आहेत. पुढची केंद्राची शिक्षण परिषद आमच्या शाळेत आहे आणि त्या येणार आहेत. विषयपत्रिका आली: १. स्वागत व सत्कार, २. प्रलंबित माहिती, ३. ऑनलाइन कामांचा आढावा, ४. नमुना पाठ (वेळ मिळाल्यास). मी केंद्रप्रमुखांना फोन करून म्हटलं, पाठ पहिला घेऊ या, भागाकाराचा मी देते, मॅडमना मागे बसू दे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही पाठ द्या, माझी हरकत नाही. पण शाल-नारळ मात्र आणून ठेवा, पहिलीच भेट आहे त्यांची." नारळ आणायला मी दुसऱ्या बाईंना सांगितलं आहे. काड्यांचे गठ्ठे मुलांनी बांधायला घेतलेत, रबरं कमी पडतायत.